पदराआडची मदर

गेल्या वर्षी सप्टेंबर महिन्यात आमच्या धर्मग्रामात एका चित्रावरून थोडा मतभेद झाला. तो निवळला, कोणाच्या मनात किल्मिष राहिले नाही. परंतु त्या निमित्ताने जो प्रश्न पुढे आला तो काही केल्या आमचा पिच्छा सोडीना. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रसंग असा. यवतमाळ जिल्ह्यातील आमचे धर्मग्राम लहान आहे. कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर जगणारी मोजकी कुटुंबे, चार खोल्यांचे सिस्टरांचे घर, त्याला लागून त्यांचा दवाखाना, आणि पावसाळ्यात एका कोपऱ्यात हमखास गळणारे आमचे मंदिर. नागपूरच्या एका स्नेह्याने मकबूल फिदा हुसेन यांच्या मदर तेरेसा चित्रमालेतील एका चित्राची छापील प्रत, काचेच्या चौकटीत बसवून, आम्हांला भेट दिली. ५ सप्टेंबर हा संत तेरेसा यांचा सण जवळ आला होता. त्या दिवशी ही चौकट वेदीच्या बाजूला फुलांच्या आराशीत ठेवावी असे आम्ही योजिले आणि आदल्या रविवारी मिस्सानंतर ती लोकांना दाखवली. क्षणभर कोणी बोलले नाही. मग पुढच्या रांगेतील एका आजींनी विचारले, "फादर, मदरले तोंड कामून नाही काहाडलं?"

तोंड काढलेले नाही हे खरेच. निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीतील एक बसलेली आकृती. डोक्यावरून पुढे आलेला पदर, त्याच्या कडेने कपाळाशी उतरणाऱ्या निळ्या रेघा, आणि त्या रेघांच्या आत, जिथे डोळे, नाक, ओठ असावयाचे तिथे, नुसता सपाट काळोख. मांडीवर एक उघडे, हाडकुळे मूल आडवे पडलेले. त्याचे पाय अधांतरी लोंबत आहेत. पदराखालून आलेले हात मात्र स्पष्ट आहेत, मोठे आहेत, जरा खडबडीतच आहेत. मागे तशीच आणखी एक आकृती उभी. तिलाही चेहरा नाही.

ज्येष्ठ मंडळींचे म्हणणे असे पडले की संताची प्रतिमा संताची म्हणून ओळखू आली पाहिजे. वेदीजवळ ठेवायची ती तर नक्कीच. एका तरुणाने निराळीच शंका काढली. या चित्रकारावर हिंदू देवतांच्या चित्रांवरून खटले झाले होते, त्याला देश सोडावा लागला होता. त्याचे चित्र मंदिरात ठेवले तर शेजारपाजारचे काय म्हणतील? त्याची शंका आम्ही हसण्यावारी नेली नाही. १९९६ नंतर हुसेन यांच्याविरुद्ध जे वादळ उठले, त्यांची जी चित्रे आणि घरे फोडली गेली, २००६ मध्ये ते देशाबाहेर गेले, २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले, हा सारा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. त्या वादाचा निवाडा करणे हा या लेखाचा विषय नव्हे. एवढेच नोंदवितो की ज्याच्यावर इतरांच्या श्रद्धा दुखावल्याचा आरोप झाला, त्याच माणसाने आमच्या एका संतस्त्रीची चित्रे वर्षानुवर्षे, पुन्हा पुन्हा काढली. ती का काढली, आणि चेहरा का वगळला, हे समजून घेण्याचे ऋण आमच्यावर आहे असे आम्हांला वाटले.

प्रथम एक सोपा समज दूर केला पाहिजे. चेहरा जमला नाही म्हणून वगळला असे कोणी म्हणेल तर ते हास्यास्पद होईल. तरुणपणी मुंबईच्या रस्त्यांवर सिनेमाचे प्रचंड फलक रंगवून हुसेन यांनी पोट भरले होते. फलक रंगवणाऱ्याचा सारा धंदा चेहऱ्यावर चालतो. नटीचा चेहरा दोन फर्लांगांवरून ओळखू आला नाही तर मजुरी बुडाली. दुसरे स्पष्टीकरण असे दिले जाते की इस्लाम धर्मात प्रतिमेविषयी जी अढी आहे ती येथे दिसते. तेही पटत नाही. ज्या चित्रकाराने इतर असंख्य माणसांना नाक-डोळे दिले, त्याला मदरपाशी येऊनच ती अढी आठवली असे कसे मानावे?

स्वतः हुसेन यांनी या चित्रांविषयी जे सांगितले आहे ते अधिक विचार करण्याजोगे आहे. मदरची आणि त्यांची भेट झाली होती. मदरना १९७९ साली नोबेल शांतता पुरस्कार आणि १९८० साली भारतरत्न मिळाले. साधारणतः त्याच सुमारास ही चित्रमाला सुरू झाली. पुढे मागे वळून पाहताना त्यांनी अशा अर्थाचे सांगितले की त्या भेटीनंतर आपल्या डोळ्यांत पाणी आले नाही. जे मिळाले ते बळही होते आणि खिन्नताही होती, आणि ते आत कुठेतरी आंबत राहिले. म्हणून मध्ये काळ लोटला की रंगसाहित्य बदलून आपण त्याच चित्राकडे पुन्हा वळतो. रस्त्यावर टाकलेल्या मुलाच्या अंगावर मदरने नुसता हात ठेवला तर त्या मुलाला काय वाटले असेल, ते आपल्याला रंगवायचे आहे, असाही त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

वाचकांनी येथे किंचित थांबावे. मदर कशी दिसते हे रंगवायचे आहे, असे चित्रकार म्हणत नाही. तिचे असणे त्या मुलाला कसे जाणवले, ते रंगवायचे आहे असे तो म्हणतो. म्हणजे या व्यक्तिचित्रात पाहणारा डोळा चित्रकाराचा नाही. तो मांडीवरच्या मुलाचा आहे.

येथे पंढरपूर आठवते. हुसेन यांचा जन्म १९१५ साली पंढरपुरात एका बोहरा कुटुंबात झाला. ते दीड वर्षाचे असताना त्यांची आई वारली. तिचे छायाचित्र नव्हते. आईचा चेहरा आपल्याला आठवत नाही, ही खंत त्यांनी आयुष्यभर बोलून दाखवली. आठवण उरली होती ती नऊवारी लुगड्याची, तीही बहुधा इतरांच्या सांगण्यातून आणि आजूबाजूच्या बायांना पाहून घडलेली. मदरच्या चित्रांत आपण आपल्या आईला शोधतो, हे त्यांनी लपवून ठेवले नाही. आता गंमत पाहा. मदर १९१० च्या, हुसेन १९१५ चे. चित्रमाला सुरू झाली तेव्हा चित्रकार पासष्टीच्या घरातला दाढीवाला आजोबा होता, आणि जिच्या मांडीवर तो आपले पोरकेपण ठेवू पाहत होता ती त्याच्याहून अवघ्या पाच वर्षांनी मोठी होती. व्यवहारात ती त्याची थोरली बहीण शोभली असती.

परंतु दीड वर्षाच्या मुलाला आईचे काय दिसते? मांडीवर घेतले की आई पदर ओढून घेते. पदराआड गेलेल्या मुलाला चेहरा दिसतच नाही. दिसते ते कापडातून गाळून आलेले अंधुक ऊन, नाकाला येतो तो त्या कापडाचा वास, आणि पाठीवर असतो तो हात. आमच्याकडे कापूस वेचणाऱ्या बाया दुपारी बांधावर बसतात तेव्हा हे दृश्य आम्ही कितीदा तरी दुरून पाहिले आहे. लुगड्याच्या ओटीतला कापूस एका बाजूला रिता करायचा, त्याच ओटीत मूल घ्यायचे, वरून पदर ओढायचा. पाहणाऱ्याला बाई दिसते, मूल दिसत नाही. मुलाला पदर दिसतो, बाई दिसत नाही.

हुसेन यांनी चेहरा वगळला असे आपण म्हणतो. वास्तविक त्यांनी पदर रंगवला आहे. आणि पदर म्हणजे काय हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. पोरक्याला आपण पदरात घेतो. देवापुढे पदर पसरतो. काम अंगावर आले की बाई पदर खोचते. वाट्याला येईल ते पदरी पडते आणि पवित्र होते. आमच्या भाषेत करुणा, याचना, कष्ट आणि प्राक्तन ही चारही एकाच वस्त्राच्या टोकाला बांधलेली आहेत. हुसेन लहानपणीच पंढरपूर सोडून इंदूरला गेले. तेव्हा विठाईला माउली म्हणणाऱ्या नगरीचा संस्कार त्यांच्या चित्रात उतरला आहे वगैरे विधाने आम्ही करणार नाही. तशी विधाने करणे सोपे असते. परंतु मराठी डोळ्यांनी पाहिले असता हे चित्र जितके बोलते तितके ते परक्या डोळ्यांशी बोलेल का, याची आम्हांला शंका आहे.

आता ज्येष्ठांच्या आक्षेपाकडे वळू, कारण तो वरवर वाटतो तितका भाबडा नाही. पुण्यात ईशज्ञानाचा अभ्यास करताना प्रतिमापूजेच्या वादाचा इतिहास आम्हांला शिकावा लागला होता. इ. स. ७८७ मध्ये निसिया येथील दुसऱ्या विश्वपरिषदेने ठरविले की प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीला पोहोचतो. त्यानंतर काही वर्षांनी संत थिओडोर स्टुडाइट यांनी त्याच वादात एक बारीक मुद्दा मांडला. प्रतिमा ही स्वभावाची किंवा जातीची नसते, ती एका विशिष्ट व्यक्तीची असते. 'माणूस' रंगवता येत नाही. पेत्र रंगवता येतो, पौल रंगवता येतो. हा मुद्दा हुसेन यांच्या चित्राला लावला तर काय होते? चेहरा पुसला की मदर तेरेसा ही व्यक्ती उरत नाही, 'मातृत्व' नावाची एक गोड कल्पना उरते. स्कोपिये गावची अल्बानियन मुलगी आग्नेस गोंजा बोयाजिउ, तिचे ठेंगणे शरीर, तिचे सुरकुतलेले गाल, तिचा करडा हट्ट, सारे त्या काळोखात बुडून जाते. ज्यांच्यावर मदरने प्रेम केले त्यांना तिने कधी 'गरिबी' म्हणून पाहिले नाही. एकेका माणसाला एकेका चेहऱ्याने पाहिले. मग तिलाच चेहरा नाकारणे हा अन्याय नव्हे काय? आमच्या आजींचा प्रश्न वऱ्हाडी बोलीत होता. संत थिओडोर यांच्या मुद्द्यापासून तो फार दूर नव्हता.

याला आमचे उत्तर अर्धेच आहे. चेहरा नसला तरी ही कोणतीही माता नाही. त्या निळ्या रेघा पाहा. १९४८ साली लोरेटो मठाचा झगा उतरवून मदरने जी स्वस्त पांढरी साडी नेसली तिचेच हे काठ आहेत. तिच्या संस्थेच्या सिस्टरांच्या साड्या बंगालमधील टिटागढच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात हातमागावर विणल्या जातात. ज्या बोटांना जगाने शिवू दिले नाही त्या बोटांनी विणलेले हे वस्त्र आहे. एवढे विशिष्ट वस्त्र दुसऱ्या कोणाचे असणार? चेहऱ्यावरून जन्मदात्यांचा वारसा कळतो. या वस्त्रावरून तिने काय निवडले ते कळते.

ख्रिस्ती कलेत वस्त्राने असे काम पूर्वीही केले आहे. मांडीवर आडवे पडलेले निष्प्राण शरीर पाहून मायकेलअँजेलोच्या 'पिएता' या शिल्पाची आठवण कोणाला होणार नाही? १४९८-९९ मध्ये घडवलेल्या त्या शिल्पात पूर्ण वाढलेला पुरुष एका तरुण स्त्रीच्या मांडीवर मावतो, कारण तिच्या वस्त्राच्या घड्यांखाली शिल्पकाराने तिची मांडी पर्वताएवढी रुंद केली आहे. घड्यांमुळे ते आपल्या लक्षात येत नाही. हुसेन यांनी ही युक्ती नीट पाहिलेली दिसते. मरियेचा चेहरा तेथे आहे, पण तो इतका तरुण आहे की तेहतीस वर्षांच्या मुलाची ती आई वाटत नाही. त्यावरून त्या काळीही लोक कुजबुजले. मायकेलअँजेलो सहा वर्षांचा असताना त्याची आई वारली होती. ज्याला आई म्हातारी झालेली पाहायला मिळाली नाही त्याने तिला तरुणच ठेवले, असे कोणी म्हटले तर ते सिद्ध करता येणार नाही. पण खोडून तरी कसे काढणार?

याच्या अगदी उलट वाट आमच्याच एका कॅथॉलिक चित्रकाराने धरली. गोव्यातील सांतो इस्तेव्हांव येथे १९०२ साली जन्मलेले आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले आणि पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी मरियेला साडी नेसवली, सावळा रंग दिला. विवाहानंतर त्यांच्या मरियेत त्यांची पत्नी आयव्ही दिसू लागली. गोव्यातील पुष्कळांना हे रुचले नाही. देवमातेला ओळखीच्या बाईचा चेहरा कसा? त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. १९६७ मध्ये ते वारले, आणि त्यांचे मोठेपण कळायला आम्हांला त्यानंतर कितीतरी वर्षे लागली. म्हणजे फोन्सेकांनी चेहरा दिला म्हणून आपण रागावलो आणि हुसेन यांनी दिला नाही म्हणून आपण खट्टू झालो. चित्रकारांनी करावे तरी काय?

हा प्रश्न आम्ही थट्टेने विचारीत नाही. तो आमच्यापुढे आमच्याच गावात उभा राहिला होता. दवाखान्यात अनेक वर्षे सेवा करून गेलेल्या एका वृद्ध सिस्टरांचे चित्र असावे असे लोकांच्या मनात आले. चांगला फोटो मिळेना; होता तो सामूहिक, त्यात त्या मागच्या रांगेत अर्ध्या झाकलेल्या. तालुक्याच्या गावी एक पेंटर आहेत. दुकानांच्या पाट्या, ट्रॉलीच्या फळ्यांवरची नावे, निवडणुकीच्या भिंती हे त्यांचे काम. लहानपणी त्यांच्या पायाला विळा लागला होता तेव्हा महिनाभर त्याच सिस्टरांनी पट्टी केली होती. फोटोवाचून काढतो म्हणाले, पैसे घेणार नाही म्हणाले. चित्र आले. चेहरा सुबक होता, आणि कोणाचाही असू शकला असता. लोक भिडेपोटी छान म्हणू लागले. पेंटरांना ते कळले. चित्र परत घेऊन गेले, दोनदा चेहरा खरवडून पुन्हा काढला, तरी जमेना. तिसऱ्या खेपेस त्यांनी चेहऱ्याला हात न लावता मनगटावरच्या घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला वळवली. नाडी मोजायला सोयीचे म्हणून त्या सिस्टर घड्याळ तसे बांधीत. चित्र दवाखान्यात टेकवून ठेवले तोच औषधाला आलेली एक बाई म्हणाली, "अगं माय, हे तं आपल्या सिस्टर!"

आम्ही पेंटरांना विचारले, घड्याळाचे कसे आठवले? ते म्हणाले, "फादर, पट्टी होतवर मी वर पाह्यतच नव्हतो. भेव लागे. डोळ्यासमोर तेच दिसे."

या जिल्ह्यात चेहऱ्याचा प्रश्न आणखी एका अंगाने सतावतो. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी जाण्याचे प्रसंग आमच्यावर पुष्कळदा आले. भिंतीवर हार घातलेला फोटो असतो. तो बहुधा मतदार ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला असतो, स्टुडिओवाल्याने मागे आकाश आणि गुलाब टाकलेले असतात. चेहरा पूर्ण आहे, नाक-डोळे आहेत, नाव आणि तारखा आहेत. आणि घरातली बाई सांगते, "असे नव्हते ते." चेहरा असला म्हणजे माणूस सापडलाच असे नाही, हे त्या भिंतींनी आम्हांला शिकवले.

मदरच्या बाबतीत तर ही गोष्ट फार उशिरा आणि फार धक्कादायक रीतीने उघड झाली. १९९७ च्या सप्टेंबरात त्या गेल्या तेव्हा तो सुरकुतलेला, हात जोडून हसणारा चेहरा दूरदर्शनवर, वर्तमानपत्रांत, कॅलेंडरांवर इतका दिसला की जगात त्याहून ओळखीचा चेहरा नसेल. दहा वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांची खाजगी पत्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि कळले की जवळजवळ पन्नास वर्षे त्या आतून घोर काळोखात होत्या. प्रार्थनेत त्यांना देवाचा स्पर्श जाणवत नव्हता. आपले हसू हे आतले दुःख झाकणारे पांघरूण आहे, अशा आशयाची कबुली त्या पत्रांत आहे. तेव्हा आम्ही धर्मगुरू म्हणून काही वर्षे काम केलेले होते, तरी ते वाचताना आमची झोप उडाली. ज्या चेहऱ्याकडे पाहून आम्ही धीर घेत होतो तो चेहराच पदर होता.

आता पुन्हा हुसेन यांच्या चित्रापाशी या. निळ्या रेघांच्या आतला तो काळोख आता निराळा दिसू लागतो. छायाचित्रांनी जे झाकले ते या चित्राने उघडे ठेवले, असे म्हणण्याचा मोह होतो. तो मोह आवरला पाहिजे. हुसेन यांनी ही चित्रे काढायला घेतली त्या वेळी ती पत्रे जगापुढे आलेली नव्हती. त्यांना त्या काळोखाची कल्पना असणे शक्य नाही. त्यांचा काळोख दीड वर्षाच्या मुलाच्या विस्मरणाचा होता. दोन निरनिराळ्या माणसांचे दोन निरनिराळे अंधार एकाच जागी येऊन पडले आहेत. चित्रकाराने जे ठेवले नाही तेही चित्रात कधी कधी सापडते, एवढेच फार तर म्हणता येईल.

या चित्रमालेविषयी आमच्या तक्रारीही आहेत आणि त्या दडवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. हुसेन यांनी हा विषय इतक्यांदा हाताळला की मालेतील काही चित्रे सरावाने काढल्यासारखी वाटतात. पांढरा पट्टा, निळ्या रेघा, आडवे मूल, सही: झाले चित्र. आत आंबणाऱ्या दुःखाला इतकी सफाई शोभत नाही. शिवाय प्रसिद्धीची आणि सत्तेची त्यांना असलेली ओढही विसरता येत नाही. आणीबाणीच्या काळात इंदिरा गांधींना दुर्गेच्या रूपात रंगवणारा हात आणि मदरचा पदर रंगवणारा हात एकच होता. मदरच्या चित्रांना लिलावात येणाऱ्या किमती वाचल्या की कालीघाटच्या निर्मल हृदय आश्रमात मरणाऱ्यांच्या खाटांची आठवण होऊन मन विषण्ण होते. पण तो दोष चित्रकारापेक्षा बाजाराचा अधिक. फोन्सेकांची भक्ती हुसेन यांच्यात शोधू नये. हुसेन मदरपुढे गुडघे टेकत नाहीत. ते मदरकडे आई मागतात. या दोहोंत अंतर आहे, आणि वेदीजवळ काय ठेवावे हे ठरवताना ते अंतर लक्षात घ्यावे लागते.

म्हणून आम्ही ज्येष्ठांचे ऐकले. पाच तारखेला वेदीच्या बाजूला मदरचे छायाचित्रच ठेवले. सगळ्यांना माहीत असलेले, हसरे. प्रवचन मात्र आम्ही एम्माउसच्या वाटेवरील त्या दोन शिष्यांवर दिले. पुनरुत्थित प्रभू त्यांच्याबरोबर कितीतरी मैल चालला, बोलला, त्याचा चेहरा त्यांच्या शेजारी होता, तरी त्यांनी त्याला ओळखले नाही. ओळखले ते त्याने भाकर मोडली तेव्हा. संत लूक हे सांगतो, आणि तोंडाविषयी एक शब्दही सांगत नाही. पहिल्या रांगेतल्या आजी ऐकत होत्या. मिस्सा झाल्यावर त्या आम्हांला म्हणाल्या, "बरोबर हाय फादर, पण फोटोच बरा." आम्ही हसलो. वाद घातला नाही.

हुसेन यांची चौकट आता दवाखान्याच्या व्हरांड्यात, बाकांच्या वर आहे. समोरच्या भिंतीवर घड्याळ आत वळवलेल्या सिस्टर आहेत. आया मुलांना घेऊन तेथे नंबराची वाट पाहत बसतात. चित्राकडे फारसे कोणी पाहत नाही. कधी एखादे पोर बोट दाखवते.

दिवाळीनंतर पेंटर दवाखान्याची पाटी रंगवायला आले होते. शिडी टेकवली आणि मग बराच वेळ त्या चौकटीपुढे उभे राहिले. चेहरा का नाही, असे त्यांनी विचारले नाही. काचेवर बोट ठेवून ती निळी रेघ वरून खाली, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, त्यांनी नुसती गिरवली. "एका दमात मारली हाय, फादर," ते म्हणाले. "मधात हात उचललाच नाही." मग समोरच्या भिंतीकडे वळून आपल्या चित्राकडे पाहिले, आणि सिस्टरांचा चेहरा अजून एकदा करून पाहतो म्हणाले. नेऊ का, असे विचारले. आम्ही हो म्हटले. चित्र कापडात गुंडाळून त्यांनी सायकलला बांधले. अद्याप ते परत आलेले नाही.